आदेशावरची सही

२२ सप्टेंबर १९६२ रोजी दिल्लीत संरक्षणमंत्र्यांच्या दालनात एक बैठक झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्या दिवशी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात होते आणि पंतप्रधान नेहरूही परदेशात होते. नेफा या ईशान्येकडच्या सीमाप्रदेशाच्या पश्चिम टोकाला, थागला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ढोला चौकीला दोन आठवड्यांपूर्वी चिनी सैनिकांनी वेढा घातला होता. त्यांना तिथून हुसकावायचे, असे सरकारचे म्हणणे होते. लष्करप्रमुख जनरल प्राणनाथ थापर यांनी त्यातला धोका सांगितला. आपण इथे हात घातला तर चीन लडाखमध्ये उत्तर देईल, ही त्यांची भीती होती. सरकारला तो धोका मान्य आहे, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा थापर म्हणाले, मग हे मला लेखी द्या.

त्यांना लेखी मिळाले. काही ओळींची चिठ्ठी होती. तिचा आशय असा, की लष्कराने तयारी होताच कामेंग विभागातून चिन्यांना बाहेर काढावे. खाली सही होती संरक्षण मंत्रालयातले सहसचिव एच. सी. सरीन यांची.

एका देशाने आपल्याहून कितीतरी बलाढ्य शेजाऱ्याशी लढाईचा प्रसंग ओढवून घेतला आणि त्या निर्णयाच्या कागदावर ना पंतप्रधानांची सही आहे, ना संरक्षणमंत्र्यांची. सरीन यांचा यात दोष नाही. वरिष्ठांनी ठरवलेले त्यांनी कागदावर उतरवले, एवढेच. पण युद्धातल्या चुकांबद्दल राजकीय नेत्यांना जबाबदार कसे धरायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा या कागदाकडेच यावे लागते. कारण ही चिठ्ठी निदान अस्तित्वात तरी आहे. त्या काळात घेतलेल्या बहुतेक मोठ्या निर्णयांचा कागदच नाही. संरक्षणमंत्र्यांच्या दालनात होणाऱ्या बैठकांची इतिवृत्ते ठेवू नयेत, असा खुद्द मेनन यांचाच हुकूम होता. गुप्ततेचे कारण पुढे केले होते. पराभवानंतर चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांना हे समजले तेव्हा त्यांनीही नोंदवून ठेवले, की यामुळे कोणत्याही मोठ्या निर्णयाची जबाबदारी शेवटी कोणावरच येत नाही.

बासष्टबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे दोनपैकी एका सुरात आहे. एका सुरात नेहरू हे सगळ्याचे खलनायक असतात. दुसऱ्या सुरात ते विश्वासघाताने खचलेले थोर पुरुष असतात आणि सगळे खापर मेनन आणि लेफ्टनंट जनरल कौल यांच्या माथी फुटते. दोन्हींमुळे खरा प्रश्न मागे पडतो. पंतप्रधानाने लष्कराला आदेश द्यावा की नाही, हा प्रश्नच नाही. लोकशाहीत आदेश त्यानेच द्यायचा असतो. कुठे लढायचे, का लढायचे, कधी थांबायचे, हे निवडून आलेल्या माणसांनी ठरवावे यात काहीच गैर नाही, उलट तसे नसेल तर काय होते हे आपल्या शेजारच्या देशांत आपण पाहिले आहे. प्रश्न असा आहे की आदेश देताना नेत्याने काय विचारले, कोणाला विचारले, जे उत्तर आवडले नाही त्याचे काय केले, आणि सगळे फसल्यावर तो कुठे उभा राहिला.

म्हणून या हकिकतीची सुरुवात १९६२ मध्ये होत नाही. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी लष्करप्रमुख जनरल के. एस. थिमय्या यांनी राजीनामा दिला. मेनन यांच्याशी त्यांचे पटत नव्हते. वरच्या जागांवरच्या बढत्यांत मंत्री ढवळाढवळ करतात आणि सीमेवरच्या धोक्याबद्दल आपले ऐकून घेतले जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. नेहरूंनी त्यांना बोलावून समजूत घातली, राजीनामा मागे घ्यायला लावला. पुढे बातमी फुटल्यावर २ सप्टेंबरला लोकसभेत मुलकी सत्तेच्या श्रेष्ठत्वावर भाषण करून त्याच थिमय्यांना त्यांनी उघडपणे समज दिली. त्या भाषणात नेहरू तत्त्वतः बरोबर होते. पण लष्करातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्यातून वेगळाच धडा घेतला. मंत्र्याशी मतभेद असलेला लष्करप्रमुख, ज्याला सारी पलटण देव मानत होती, त्याचीसुद्धा ही गत होते, तर बाकीच्यांनी तोंड उघडून काय मिळवायचे?

याच सुमारास लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून एक मराठी सेनानी होते, लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत नाव कमावलेला हा कोल्हापूरकडचा माणूस. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाचा एक आराखडा तयार करून वर पाठवला. त्यातला मुद्दा कोणत्याही शेतकऱ्याला पटावा इतका साधा होता: लढाई तिथे करावी जिथे आपली रसद पोहोचते. सीमारेषेवरच्या चौक्या खबर देण्यापुरत्या ठेवाव्यात. शत्रूला लांब यायला लावावे, त्याची दमछाक होऊ द्यावी आणि मग मागे, बोमदिलासारख्या ठिकाणी, पक्क्या मोर्चांतून त्याला गाठावे. मार्च १९६० मध्ये त्यांनी ‘लाल किल्ला’ या नावाने त्यावर सरावही घेतला. चीन चढून आला तर आहे त्या बळावर आपण त्याला थोपवू शकणार नाही, असा त्यातून निघालेला निष्कर्ष होता.

आत्मचरित्रात थोरातांनी लिहिले आहे, की मेनन यांनी ही सगळी भीती अनाठायी ठरवली आणि कागद पंतप्रधानांपर्यंत गेलाच नाही. युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून, हे मला आधी का दाखवले नाही, असे विचारले. हा प्रसंग थोरातांच्या बाजूने सांगितलेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरीही तो खरा धरला तर नेहरूंची सुटका होत नाही. ज्या पंतप्रधानाकडे परराष्ट्र खातेही होते आणि जो चीनच्या सीमेवर संसदेला श्वेतपत्रिकांमागून श्वेतपत्रिका देत होता, त्याला आपल्याच पूर्व विभागप्रमुखाचे मत माहीत नसेल तर ते त्याने मागितले नाही म्हणून. कळवले नाही हा मंत्र्याचा दोष. विचारले नाही हा पंतप्रधानाचा.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांचे नाव सुचवले होते, पण थापर लष्करप्रमुख झाले. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले. कौल हुशार होते, धडाडीचे होते, नेहरूंच्या जवळचे होते, पण रणांगणावर पायदळ लढवण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. सॅम माणेकशा यांच्यासारख्या रोखठोक अधिकाऱ्याच्या मागे त्याच काळात चौकशी लागली. ती चौकशी त्यांना निर्दोष ठरवून संपली, पण दालनातले वातावरण कसे बदलत गेले हे त्यावरून कळते. मला वाटते, बासष्टच्या पराभवातला नेतृत्वाचा सर्वांत मोठा वाटा इथे आहे, ऑक्टोबरच्या कोणत्याही आदेशात नाही. ‘नाही’ म्हणणारी माणसे एकेक करून बाहेर गेली आणि नेत्यांना त्यांची उणीव जाणवली नाही.

२ नोव्हेंबर १९६१ रोजी नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ती बैठक झाली, जिला पुढे ‘फॉरवर्ड पॉलिसी’ची बैठक म्हटले गेले. जिथवर आपला हक्क आहे तिथवर चौक्या पुढे न्यायच्या, असे ठरले. त्याच निर्णयात एक अट होती. पुढच्या चौक्यांच्या मागे, रसद पोहोचेल अशा जागी मोठ्या फौजा ठेवायच्या, म्हणजे प्रसंग आला तर त्या धावून जातील. डिसेंबरमध्ये लष्करी मुख्यालयातून खालच्या विभागांना आदेश गेला तेव्हा ही अटच त्यातून गळाली होती. चौक्या पुढे गेल्या, पाठीमागे काहीच आले नाही. चीन चौक्यांवर चालून येणार नाही, हे गुप्तचर विभागाचे भाकीत सगळ्यांनी उशाशी घेतले. अट गाळली ती लष्करी अधिकाऱ्यांनी. पण पुढचे अकरा महिने चौक्या वाढत होत्या आणि मागे फौजा उभ्या राहत नव्हत्या, हे पाहायला कोणी मंत्री गेला नाही, कोणी आकडा मागितला नाही.

आता नामका चू. थागला डोंगराच्या दक्षिणेला वाहणारी ही लहानशी, खळाळती नदी. तिच्या उत्तरेचा चढ चिन्यांच्या ताब्यात होता आणि ते वरून आपल्या माणसांच्या हालचाली सहज पाहू शकत होते. नकाशावर काढलेली मॅकमहॉन रेषा आणि पाणलोटाची रेषा इथे एकमेकींशी जुळत नव्हती, म्हणजे ढोला चौकी कोणाच्या हद्दीत यावरही वाद घालता येत होता. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड दक्षिण काठावर सुमारे वीस किलोमीटरभर विखरून बसवली होती. नदीवरचे पूल मोजके, लाकडी. ऑक्टोबरच्या थंडीत बऱ्याच जवानांच्या अंगावर सुती कपडे होते, माणशी पन्नासच्या आसपास गोळ्या, हातात महायुद्धाच्या काळातल्या थ्री-नॉट-थ्री रायफली. तोफखाना नावापुरता. त्सांगधरच्या पठारावर विमानातून टाकलेल्या सामानापैकी बरेचसे दऱ्यांत जाई. उरलेले गोळा करण्यात लढणाऱ्या जवानांचेच दिवस जात.

दळवींनी हे वर कळवले. त्यांच्या वरचे मेजर जनरल निरंजन प्रसाद यांनी कळवले. त्यांच्याही वरचे, ३३व्या कोअरचे लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी तर ठामपणे सांगितले, की एवढ्या तयारीवर हल्ला करणे शक्य नाही. यावर दिल्लीने उत्तर काय दिले? उमराव सिंग यांच्याकडून नेफा काढून घेतला, चौथी कोअर नावाची नवी कोअर उभी केली आणि ४ ऑक्टोबरला ती कौल यांच्या हाती दिली. आडव्या येणाऱ्या सेनापतीला बाजूला सारून आपल्या मनासारखा सेनापती आणणे हा नेत्याचा अधिकार आहे. लिंकनने तो वापरला, चर्चिलनेही वापरला. पण तो वापरणाऱ्याने नव्या सेनापतीच्या पराभवाचा वाटेकरीही व्हायला हवे.

१० ऑक्टोबरला त्सेंग जाँग येथे चकमक झाली. चिन्यांचे बळ कौल यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिले आणि ते तडक दिल्लीला आले. ११ तारखेच्या रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली. हल्ल्याचा बेत सोडावा, एवढे ठरले. ब्रिगेड मात्र नदीवरच ठेवायची, हेही ठरले. ज्या जागी लढता येत नाही तिथून मागे यायची मुभा तिला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सिलोनला निघताना नेहरूंनी पत्रकारांना सांगितले, की आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश लष्कराला दिले आहेत, दिवस मात्र लष्कराने ठरवायचा आहे. आदल्या रात्री हल्ला रहित केलेल्या माणसाने हे बोलावे, याचे मला आजही वाईट वाटते. लोकांना धीर द्यावा असा हेतू असेल. पण त्या वाक्याने दिवस ठरवण्याचे ओझे लष्करावर टाकले आणि माघारीची वाटही राजकीयदृष्ट्या बंद केली. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या. काही तासांत सातवी ब्रिगेड मोडली. दळवी दोन दिवसांनी कैद झाले.

लष्कराच्या स्वतःच्या चुका या पुस्तकात झाकलेल्या नाहीत आणि झाकू नयेत. नोव्हेंबरमध्ये सेला खिंडीसारखी भक्कम जागा मोठी लढाई न देता सोडली गेली, त्याला दिल्लीतला कोणता मंत्री कारण नव्हता. कौल आजारी पडून दिल्लीला आले आणि अंथरुणावरून कोअर चालवत राहिले, तेव्हा थापर यांनी त्यांना बदलायला हवे होते. लेखी आदेश मागणाऱ्या थापर यांना आदेश चुकीचा वाटत होता, तर राजीनामा हा मार्ग मोकळा होता. सही मागून घेतली म्हणजे विरोध नोंदवला, असे होत नाही. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग आणि त्यांच्या कुमाऊँ कंपनीने शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली. अधिकृत आकड्यांनुसार त्या महिन्याभरात भारताचे १३८३ जवान ठार झाले, १६९६ बेपत्ता आणि चार हजारांच्या आसपास कैद झाले.

आणि आपण सगळे? संसदेत विरोधी पक्ष रोज विचारत होते, की चिन्यांना कधी हाकलणार. वर्तमानपत्रे डिवचत होती. फेब्रुवारी १९६२च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत मेनन यांच्यासमोर आचार्य कृपलानी उभे होते आणि संरक्षण खात्याचा कारभार हा प्रचारातला मोठा मुद्दा होता. नेहरूंनी मेनन यांच्यासाठी आपले सगळे वजन टाकले आणि मुंबईकरांनी मेनन यांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. कृपलानींच्या शंका आठ महिन्यांत खऱ्या ठरल्या. लोकांच्या दबावामुळे नेहरूंना मागे हटता आले नाही, असे त्यांच्या बाजूने नेहमी म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण लष्कराची खरी ताकद लोकांना सांगून तो दबाव कमी करणे नेहरूंइतके दुसऱ्या कोणालाच साधले नसते. त्यांचा शब्द देश प्रमाण मानत होता.

मेनन यांना ३१ ऑक्टोबरला संरक्षण खाते सोडावे लागले आणि आठवड्याभरात मंत्रिमंडळही. पक्षातल्या खासदारांनी नेहरूंना ते करायला भाग पाडले. थापर गेले, कौल गेले. नेहरू राहिले. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनीच त्यांच्या सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. आपण वास्तवापासून दूर, स्वतःच निर्माण केलेल्या वातावरणात जगत होतो, अशी कबुली नेहरूंनी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात दिली होती. मनापासून दिलेली कबुली होती ती. पण तिच्यातला ‘आपण’ इतका मोठा होता की त्यात सारा देश मावत होता.

इथे यशवंतराव चव्हाणांकडे यावे लागते, आणि मराठी वाचकाला हा भाग जड जाईल. युद्ध थांबले त्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, ते संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपल्या दोन पिढ्यांनी अभिमानाने म्हटले आहे. तो अभिमान योग्य आहे. मोडलेल्या मनाचे लष्कर त्यांनी तीन वर्षांत पुन्हा उभे केले, सेनापतींचे ऐकून घेतले, बढत्यांतला हस्तक्षेप थांबवला आणि १९६५ मध्ये त्याचे फळ दिसले. पण चौकशी मर्यादित राहिली ती त्यांच्याच काळात. नवे लष्करप्रमुख जे. एन. चौधरी यांनी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांना नेमले ते प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची कुवत एवढ्याच गोष्टी तपासायला. मंत्रालयातले कागद, मंत्रिमंडळातली चर्चा, गुप्तचर विभाग त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला आणि अहवाल कपाटात गेला.

त्यांच्यापुढचा पेच मला कळतो. एका बाजूला खचलेले पंतप्रधान, दुसरीकडे नव्याने उभारायचे सैन्य, आणि सीमेपलीकडे पुन्हा कधीही येऊ शकणारा शत्रू. अशा वेळी घरातले वाभाडे काढणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांचे सचिव राम प्रधान यांच्या लिखाणातूनही हे सावधपण दिसते. पण १९६३ मधली अडचण १९७३ मध्ये नव्हती, १९८३ मध्ये नव्हती. २०१० मध्येही संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की अहवाल संवेदनशील आहे आणि त्याला आजही लष्करी महत्त्व आहे. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग जगापुढे ठेवला. वर मी जे सांगितले त्यातले काही तिथूनच आले आहे.

दुसऱ्या देशांनी यात आदर्श घालून दिला, असेही नाही. १९७३च्या योम किप्पूर युद्धानंतर इस्रायलने सरन्यायाधीश शिमोन अग्रानात यांचा आयोग नेमला. एप्रिल १९७४च्या अंतरिम अहवालात त्याने लष्करप्रमुख एलाझार आणि लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख झैरा यांना दोषी धरले. पंतप्रधान गोल्डा मेयर आणि संरक्षणमंत्री मोशे दायान यांच्यावर मात्र थेट जबाबदारी टाकली नाही. पण सुवेझच्या आघाडीवर एका चौकीचा प्रमुख असलेला राखीव दलातला कॅप्टन मोटी अश्केनाझी एकटाच सरकारी कार्यालयासमोर धरणे धरून बसला होता, हळूहळू हजारो लोक त्याच्यामागे आले होते, आणि अहवाल आल्यावर दहा-अकरा दिवसांत मेयर यांनी राजीनामा दिला. आयोगाने जे टाळले ते लोकांनी करून घेतले. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड घेतले तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन तिसऱ्याच दिवशी बाजूला झाले. त्यांना कोणी दोषी ठरवले नव्हते. आपल्या खात्याच्या देखत हे घडले, एवढे त्यांना पुरले.

आपल्याच देशातला उलटा दाखला १९७१चा आहे. एप्रिलमध्ये माणेकशा यांनी मंत्रिमंडळासमोर सांगितले, की पावसाळा तोंडावर आहे, रणगाडे तयार नाहीत, आत्ता लढलो तर हरू. इंदिरा गांधींनी ते मान्य केले आणि डिसेंबरपर्यंत थांबल्या. माणेकशांच्या सांगण्यात पुढे थोडी रंगत भरली असावी आणि त्या वेळी सरकारलाही घाई नव्हती, असे काही इतिहासकार म्हणतात. ते खरे असेल तरी सेनापतीला तसे बोलता आले आणि तो त्या जागेवर टिकला, एवढे उरतेच.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. युद्धाच्या बाबतीत ही जबाबदारी तपासायची तर कागद हवेत. हेंडरसन ब्रुक्स अहवालाची परिशिष्टे हवीत, १९५९ ते १९६२ या काळातली संरक्षण मंत्रालयाची टिपणे हवीत, थोरातांचा मूळ आराखडा आणि त्यावर वर कोणी काय शेरा मारला तो हवा, ११ ऑक्टोबरच्या रात्री कोण काय बोलले याची जी काही नोंद असेल ती हवी. पुढच्या प्रकरणांत जिथे हे कागद मिळाले तिथे ते वापरले आहेत. जिथे केवळ आत्मचरित्रे हाती होती तिथे ती कोणी, केव्हा आणि कोणाला वाचवण्यासाठी लिहिली, हे आधी सांगितले आहे. दळवी, कौल, थोरात, गुप्तचर प्रमुख मलिक, सगळ्यांनी आपापली बाजू मांडली. आदेश ज्यांनी दिले त्या नेहरू आणि मेनन या दोघांपैकी कोणीही स्वतः लिहून ठेवले नाही, म्हणून त्यांची बाजू इथे इतरांच्या तोंडून येते, आणि ती वाचताना वाचकाने त्यांनाही संशयाचा फायदा द्यावा.